जुन्या नाशकातला वाडा सिमेंट न वापरता दुरुस्त करायचाय, जाणकारांनी मार्ग दाखवा

माजघर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. तिवंधा चौकापासून जवळच आमचा दोन मजली वाडा आहे. जोतं काळ्या दगडाचं, भिंती खाली वीट आणि वर पांढऱ्या मातीच्या, आत सागाचे खांब, मजल्यांना कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. रस्त्याकडच्या अर्ध्या भागावर मंगलोरी कौलं आहेत, मागच्या भागावर अजून धाबंच आहे, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. सध्या दोन बिऱ्हाडं राहतो. वाडा पाडायचा नाही, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालंय. ते होणंच सगळ्यात अवघड होतं, त्यामुळे आता वेळ घालवायचा नाही.

दुखणी अशी: चौकाकडच्या भिंतीला कंबरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर येऊन भिंत झडतेय. तिथे आधीच्या पिढीने सिमेंटचा गिलावा करून घेतलेला आहे, तो ठोकला की पोकळ वाजतो. ओसरीतला एक खांब खचलाय, वरची तुळई डोळ्यांना दिसेल इतकी कलली आहे. धाबं एका कोपऱ्यात गळतं. आणि जिन्याच्या बाजूच्या भिंतीने थोडं पोट काढलंय असं मला वाटतं.

जे जे ठेकेदार पाहून गेले त्यांचा सल्ला जवळपास एकच: सगळं खरवडा, वॉटरप्रूफिंगचं सिमेंट मारा, खांबाला काँक्रीटचं कवच द्या, धाब्यावर स्लॅब टाका. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. नाशकात चुन्याचं काम करणारे कुणी राहिलेत का? आणि सुरुवात कुठून करायची?

सरळ रेघ | रविवार, रात्री १०:०५

ताई, मनापासून लिहितो, राग मानू नका. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा तरी वाडा किंवा त्याची भिंत बसते. आत म्हातारी माणसं असतात, लहान मुलं असतात. वाडा सुंदर आहे हे मान्य, पण आधी त्यात राहणारा माणूस. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. 'उतरवा' असा अहवाल आला तर मन घट्ट करून उतरवा. कोरीव खांब, दारं, महिरपी नव्या घरात वापरता येतात.

तुळई | सोमवार, सकाळी ७:३०

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. वरच्या प्रतिसादातली काळजी अगदी रास्त आहे, म्हणून पहिल्यांदा त्याचंच सांगतो.

पालिका देते ती नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली असते. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं परीक्षण करून घेणं कलम २६५ अ प्रमाणे मालकाचं आणि राहणाऱ्यांचं कामच आहे. पण नोटीस आली म्हणजे पाडायलाच हवं, हा समज चुकीचा. धोकादायक इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाडा मधल्या दोनांपैकी एकात बसावा, पण हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणीही ठरवू नये.

अडचण वेगळीच आहे. आमच्या व्यवसायात बहुतेकांचं शिक्षण आरसीसीत झालेलं असतं. लाकडी सांगाडा आणि मातीची भिंत पाहिली की ते काँक्रीटच्या फूटपट्टीने मोजतात आणि नापास करतात. परीक्षण करणाऱ्याला आधीच विचारा: लाकूड तपासता का? खांबाच्या बुडाशी खोदून पाहता का? कडीचं भिंतीत गेलेलं टोक उघडून पाहता का? यातलं काहीच न करता काँक्रीटची मजबुती मोजायचं हातोडा-यंत्र नुसतं भिंतीवर लावून आकडे देणारा असेल, तर त्या आकड्यांचा मातीच्या भिंतीशी काही संबंध नाही.

पोट काढलेल्या भिंतीबद्दल. जुनी जाड भिंत बहुतेकदा दोन पदरांची असते, मध्ये खडी-माती भरलेली. दोन पदरांना बांधणारे आरपार दगड कमी असले किंवा आत पाणी गेलं की पदर सुटतात आणि एक बाहेर फुगतो. भेग असेल तिथे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लॅस्टरने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भिंत हलतेय. पाऊस, हिवाळा दोन्ही जाऊन काच शाबूत राहिली तर भेग जुनी आणि स्थिरावलेली. फुटली तर दुरुस्तीचा विचार नंतर, त्याच दिवशी टेकू लावा आणि त्या बाजूची खोली रिकामी करा. यात तडजोड नको.

गवंडी आळी | सोमवार, दुपारी १:४०

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. वडील चुन्यात काम करायचे, मी सिमेंटमध्ये शिकलो आणि नंतर परत चुन्याकडे आलो. माजघरताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. कारण सांगतो.

मातीची आणि कच्च्या-पक्क्या विटांची भिंत जमिनीतून ओल घेते. जुन्या घराला ओलीचा पडदा नसतो. पण ती घेतलेली ओल भिंत दोन्ही अंगांनी हवेत सोडते. चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो. सिमेंटचा गिलावा बाहेरचं तोंड बंद करतो. मग ओल जाईल कुठे? वर चढते. पहिल्यांदा लोणा वीतभर असतो, सिमेंट मारल्यावर तो कंबरेला येतो, परत सिमेंट वर चढवलं की खांद्याला. पाण्याबरोबर क्षार येतात, गिलाव्याच्या मागे वाळून त्यांचे खडे होतात, ते फुगून विटेचं तोंड फोडतात. तुमचा गिलावा पोकळ वाजतो कारण मागची वीट भुगा झालीय. गिलावा मात्र एकदम टणक, म्हणून लोकांना वाटतं सिमेंट चांगलं, वीट वाईट.

दुसरं, सिमेंट कडक. लाकूड, माती, चुना पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात. त्यांच्याबरोबर सिमेंट हलत नाही, त्याला केसासारख्या चिरा जातात. चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. दुरुस्तीचं मटेरियल नेहमी मूळ भिंतीपेक्षा नरम असावं. झिजायचं असेल तर गिलाव्याने झिजावं, तो परत करता येतो. वीट झिजली तर वाडा झिजतो.

चुना कसा करायचा ते संध्याकाळी निवांत लिहितो. आत्ता साइटवर आहे.

नदीकाठ | सोमवार, दुपारी ४:१५

भांडी बाजाराच्या खालच्या अंगाला आमचं घर. १९६९ चा पूर घरातल्या मोठ्यांनी पाहिला, २००८, २०१६ आणि २०१९ चे आम्ही पाहिले. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून आमच्याकडे सामान माडीवर चढवतात. सराफ बाजाराकडे तर नदी येण्याआधी सरस्वती नाल्याचंच पाणी येतं.

पुरानंतर आमच्या गल्लीत दोन तऱ्हा पाहिल्या. काहींनी भिंत ओली असतानाच घाईने सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइल पेंट. ती घरं आजही कुबट वास मारतात. ज्यांनी गाळ खरवडून भिंती नुसत्या उघड्या ठेवल्या, दारं-खिडक्या सताड उघडून हिवाळाभर वाळू दिल्या आणि मग माती-चुन्याचं काम केलं, त्यांच्या भिंती आजही कोरड्या आहेत. हीटर वगैरे लावून झटपट वाळवू नका, मातीची भिंत एकदम वाळली की तडकते.

जिन्याखाली | सोमवार, रात्री ८:५०

माझा प्रश्न मालकांना नाही, भाडेकरूंना पडणारा आहे. आम्ही दुसऱ्याच्या वाड्यात राहतो. भाडं नाममात्र आहे हे कबूल. मालकांचे वारस पाच-सहा गावांत. कौल फुटलं तरी कुणाला सांगायचं ते कळत नाही. आमच्यासारख्यांनी स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करायची का?

तुळई | सोमवार, रात्री ९:३५

@जिन्याखाली, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाची जबाबदारी. लेखी नोटीस देऊनही मालकाने काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच. तुमचं भाडं नाममात्र असेल तर त्यातून एक रांग कौलंसुद्धा बसणार नाहीत, हे खरं. तरी नोटीस लेखी द्या, पोच ठेवा, फोटो काढा. एखाद्या वकिलाला कागद दाखवा. आणि गळती थांबवण्याएवढं काम मात्र कुणाची वाट न पाहता करा, तिथे तुमचीच माणसं झोपतात.

गवंडी आळी | सोमवार, रात्री १०:२०

आता चुना.

बाजारात पिशवीतली पांढरी पूड मिळते, ती रंगासाठी ठीक. ती किती दिवस गोदामात पडून हवा खात होती ते कळत नाही आणि हवा खाल्लेला चुना मेलेला असतो, तो धरत नाही. कळीचा चुना आणा, म्हणजे भाजलेली, अजून पाणी न लागलेली ढेकळं. कटनीकडून किंवा राजस्थानातल्या गोटनकडून येतो. ढेकळं वजनाला हलकी आणि सलग असली पाहिजेत, भुकटी झालेली कळी घेऊ नका.

हौदात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं कधीच करू नका. कळीवर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. पाणी खळखळून उकळतं. डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा, रबरी हातमोजे, अंगभर कपडे, आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली. मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. शांत झालं की ढवळून जाळीतून गाळायचं, न विरलेले खडे टाकून द्यायचे. खाली लोण्यासारखा चुना बसतो, वर निवळी राहते. ती निवळी काढायची नाही, ती झाकण आहे. असा पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे ठेवा, जास्त राहिला तर उत्तमच. घाई करून वापरला तर उरलेले बारीक खडे भिंतीत विरतात आणि गिलाव्याला फोड येतात.

वाळू धुतलेली, थोडी जाड-बारीक मिश्र. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर मातीचा जाड थर बसला तर परत धुवा. सुरखी म्हणजे विटेची पूड, पण ती भट्टीत जळून काळी झालेल्या विटेची नको. मंद भाजलेल्या विटेची घ्या. तिचा आणि चुन्याचा जोड बसतो, ओलीतही माल घट्ट होतो. जोत्याजवळ आणि न्हाणीच्या बाजूला मी एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू असा माल घेतो. वर कोरड्या भागात एक चुना, तीन वाळू. पूर्वी घाणीत मळायचे, दगडी चाक आणि बैल. आता रोलरचं मिक्सर मिळालं तर बरं, नाहीतर फावड्याने कुटून कुटून. पाणी वाढवायचं नाही, मळणं वाढवायचं.

माजघर | मंगळवार, सकाळी ६:५५

काका, खूप आभार. हे आजवर कुणी इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. एक विचारते: गूळ, उडीद, बेलफळ, मेथी घालतात म्हणतात ते खरं का? आमच्या ओळखीचे एकजण सांगतात की त्याशिवाय चुना टिकतच नाही.

गवंडी आळी | मंगळवार, सकाळी ७:४०

खरं आहे, पण त्यावाचून अडत नाही. गुळाने चुना जास्त विरघळतो, हळू धरतो आणि काम करायला वेळ मिळतो. हिरड्याच्या आणि बेलफळाच्या पाण्याने माल चिकट होतो. उडदाने वरचा थर गुळगुळीत येतो. पण हे सगळं अगदी थोडं लागतं. मी पाहिलंय, लोक किलोनं गूळ ओततात, मग गिलावा महिनाभर ओलाच राहतो आणि मुंग्या लागतात. चुना नीट मुरलेला, वाळू स्वच्छ आणि पाण्याची निगा, एवढं आधी जमवा.

निगा म्हणजे एका वेळी बोटाच्या पेरापेक्षा जाड थर देऊ नका. पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा. भिंत आधी भिजवा, नाहीतर कोरडी माती मालातलं पाणी पिऊन टाकते. वर ओली गोणपाटं लावून उन्हापासून जपा. चुना हवेतला वायू घेऊन परत दगड होतो, आणि तो ओलसर असतानाच घेतो. वर्षभर तो आतून पक्का होत राहतो. म्हणून नाशकात हे काम दसरा-दिवाळी ते माघ या दिवसांत करा. एप्रिल-मेच्या उन्हात अर्धी मेहनत नुसती पाणी मारण्यात जाते.

तुळई | मंगळवार, सकाळी ९:१०

मूळ माल काय होता हे शोधायची एक सोपी रीत. जुन्या सांध्यातला गिलावा-चुन्याचा खडा घ्या, वाळवून तोला, पातळ केलेल्या म्युरिअॅटिक आम्लात टाका. फसफसून चुना विरघळतो, तळाशी वाळू आणि लालसर सुरखी उरते. ती धुऊन, वाळवून पुन्हा तोला. आपल्याकडची वाळू काळ्या पाषाणाची, ती आम्लात विरघळत नाही, म्हणून नाशकात ही चाचणी बऱ्यापैकी खरं सांगते. हे उघड्यावर करा, आम्लाची वाफ घेऊ नका. चुन्याची प्रत पाहायला आयएस ७१२ हे भारतीय मानक आहे, विक्रेत्याला त्याप्रमाणे वर्ग विचारता येतो.

आणि माजघर, तुमच्या मातीच्या वरच्या भिंतींना आतून चुनाच हवा असंही नाही. पांढरी माती, शेण आणि भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा यांचा चिखल मुरवून केलेला गिलावा तिथे अधिक जुळतो, वर चुन्याचा हात. तूस इगतपुरी-त्र्यंबककडच्या गिरणीत सहज मिळेल.

रंधा | मंगळवार, दुपारी २:३०

सुतारकाम करतो, पंचवटीत. खांबाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

खांब खचला म्हणता, तर आधी तळखडा दिसतोय का पाहा. जुना सागाचा खांब कधीच जमिनीवर उभा नसतो, दगडी तळखड्यावर असतो, म्हणून त्याला ओल लागत नाही. मग केव्हातरी कुणीतरी ओसरीत कोबा करतं, वर शहाबादी, त्यावर टाइल्स. जमीन वर येते, तळखडा गाडला जातो, खांबाचं बूड कोब्यात अडकतं. फरशी धुतली की पाणी तिथेच मुरतं. मी जे खांब बदलले त्यातले बहुतेक वरून ठणठणीत आणि खाली वीतभर कुजलेले होते.

त्याला काँक्रीटचं कवच अजिबात देऊ नका. आतलं लाकूड घुसमटतं आणि वाळवीला अंधारी वाट मिळते. वरची तुळई जॅकवर तोलायची, एका दमात उचलायची नाही, दिवसाला सुताभर. घाई केली तर वरच्या मजल्याच्या भिंतीला तडा जातो. मग खांबाचं कुजलेलं बूड कापायचं आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या लांब सांध्याने जोडायचा, आरपार लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेसचे बोल्ट. जुना साग पाडलेल्या वाड्यांचा मिळतो. तो वाळलेला, मुरलेला असतो. नवा ओला साग घातला तर तो आक्रसून सांधा सुटतो.

कडीची भिंतीतली टोकं टोच्याने टोचून पाहा. सहज आत गेला तर कुजलंय. पूर्ण कडी बदलायची गरज नसते, दोन्ही बाजूंनी जोडपट्टे देता येतात. टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवा, सिमेंटने गच्च भरू नका. वाळवी आणि भुंग्यासाठी टाकणखार आणि बोरिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात पाजा, पूर्ण वाळलं की जवसाचं तेल. ऑइल पेंट आणि पॉलिश नंतर बघू. खांबांवरच्या कोरीव हस्तांवर (आधार देणाऱ्या लाकडी ब्रॅकेटवर) तर रंगाचे इतके थर असतात की नक्षी बुजते. ते ब्लोटॉर्चने जाळू नका, हाताने काढा.

सरळ रेघ | मंगळवार, सायंकाळी ६:००

हे वाचून माझं मत थोडं बदललं, मोकळेपणाने सांगतो. पण दोन गोष्टी उरतात. एक, खर्च. दुसरी, सोयी. माडीवर संडास-बाथरूम नसेल तर म्हातारी माणसं त्या जिन्यावरून किती वेळा उतरणार? वाडा जपायचा तर तो आजच्या माणसाला राहता आला पाहिजे.

रंधा | मंगळवार, सायंकाळी ६:४५

सोय हवीच. पण कडीपाटावर बाथरूम करू नका, एवढं ऐका. खाली कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी पाइपचा सांधा कधीतरी सुटतो आणि पाटाखाली वर्षानुवर्षं झिरपतं. वाडे जे बसतात, त्यातल्या पुष्कळांचं मूळ दुखणं तिथे असतं. मागच्या अंगणात किंवा चौकाच्या कोपऱ्यात वेगळ्या पायावर, वाड्याच्या भिंतीला न टेकता, लोखंडी सांगाड्यात दोन मजली संडास-बाथरूम उभं करता येतं. माडीवरून एक छोटा पूल. असं काम मी केलंय, म्हातारी माणसं वापरतात.

परगावी | मंगळवार, रात्री ११:२०

आमचाही एक हिस्सा नाशकातल्या वाड्यात आहे, राहतो ठाण्याला. भावंडांत कुणी म्हणतं बिल्डरला द्या, कुणी म्हणतं राहू द्या. हे सगळं वाचून आज पहिल्यांदा वाटलं की निर्णय होईपर्यंत निदान कौलं शाकारून घ्यायला कुणाची हरकत नसावी. 'ठरेल तेव्हा बघू' म्हणून आम्ही काहीच करत नाही, आणि पाऊस थांबत नाही. उद्या भावाला फोन करतो.

तुळई | बुधवार, सकाळी ७:०५

@परगावी, जरूर करा. हिस्से, वाद, मंजुरी यांना वर्षं लागतात, पाणी मात्र एका हंगामात कडी कुजवतं. कौलं, पन्हळी, चौकातली मोरी, भिंतीतला पिंपळ एवढ्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहू नये. पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड येतात. कापा, उरलेलं खोड मारा, मूळ सुकल्यावर पोकळी चुन्याने भरा.

@सरळ रेघ, खर्चाबद्दल. चुन्याच्या कामात मटेरियल स्वस्त, मजुरी आणि वेळ महाग. सगळं एकदम करायचं म्हटलं तर झेपत नाही. पण वाडा टप्प्याटप्प्याने दुरुस्त होतो, आरसीसीची इमारत टप्प्याटप्प्याने बांधता येत नाही. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग भिंती, सर्वांत शेवटी गिलावा आणि रंग. लोक नेमकं उलटं करतात, कारण गिलावा दिसतो.

आपल्या जिल्ह्यात पाहायला उदाहरणं आहेत. भगूरचा सावरकर वाडा राज्य संरक्षित आहे. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल लाकूडकामासाठी पाहावा. गावातच सरकारवाडा आहे. सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले दगड उतरवून नवे बसवण्याचं काम राज्य पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं, ते कितीतरी वर्षं चाललं. सरकारी यंत्रणेलाही इतका काळ लागतो, तर तुमच्या घराला दोन-तीन हिवाळे द्यायला कचरू नका.

माजघर | बुधवार, रात्री ८:३०

तुम्हा सगळ्यांमुळे डोक्यातला गोंधळ निवळला. आज ओसरीतल्या त्या खांबाजवळच्या दोन टाइल्स काढल्या. रंधाभाऊ म्हणतात तसंच आहे, तळखडा खाली गाडलेला आहे आणि लाकूड ओलं आहे. जिन्याच्या भिंतीला काचपट्ट्या लावल्या. आता धाब्याचं विचारायचंय. गळायला लागलं की आमच्याकडे दरवर्षी वर पांढरी माती टाकायची पद्धत आहे. स्लॅब नको, तर काय करू?

तुळई | बुधवार, रात्री ९:२०

माती टाकणं आधी बंद करा. दर वर्षी थोडी थोडी करत धाबं जाड होत जातं. हिशेब पाहा: दहा बाय बाराच्या खोलीवर १० सेंटिमीटर जादा माती म्हणजे कोरडी असताना पावणेदोन ते दोन टन, पावसात भिजली की आणखी. ते सगळं त्याच जुन्या कड्यांवर. स्लॅब टाकला तर याहून जास्त.

दिवाळीनंतर वरची माती थरथराने उतरवा. एका बाजूने सगळी नको, दोन्ही कडेने सारखी, म्हणजे कड्यांवरचा भार एकदम बदलणार नाही. खाली किलचण (कड्यांवर आडव्या टाकलेल्या लाकडाच्या चिपा) आणि कड्या तपासा, कुजलेल्या बदला. मग मूळ जाडीइतकीच माती, नीट उतार देऊन, वर सुरखी-चुन्याचा कुटून घोटलेला थर. उतार चौकाकडे आणि पन्हळ भिंतीपासून लांब पाणी टाकेल अशी. याहून हलकं हवं असेल तर मागच्या भागावरही कौलं घ्या. ते धाब्याचं रूप बदलेल, पण लाकडावरचा भार फार उतरेल. उतारासाठी भिंत किती चढवावी लागेल ते प्रत्यक्ष पाहून सांगतो. हा पावसाळा मात्र ताडपत्री आणि खालून दोन टेकू, एवढ्यावरच काढा.

नदीकाठ | बुधवार, रात्री १०:००

ताडपत्री धाब्याला चिकटवून पसरू नका. खाली बांबू घालून उचलून धरा, नाहीतर आतली ओल तिथेच कोंडते.

गवंडी आळी | गुरुवार, सकाळी ६:३०

माजघरताई, भिंतीचा सिमेंटचा गिलावा आत्ता काढायला सुरुवात करा, पण फक्त आतल्या बाजूने आणि छिन्नी-हातोडीने. ब्रेकर लावू देऊ नका, भिंत हादरते. काढलं की भुगा झालेली वीट कुंच्याने झाडा. क्षार कोरडेच झाडून घराबाहेर न्या, पाण्याने धुतले तर परत भिंतीत जातात. पावसाळाभर ती भिंत तशीच उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील, पण तिला सुटायला वेळ मिळू द्या. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, पाऊस संपेपर्यंत.

चुना मात्र भाद्रपदातच भिजवायला हवा, म्हणजे दिवाळीनंतर मुरलेला मिळेल. मागच्या अंगणात सावलीला विटांचा छोटा हौद करा, वर घट्ट झाकण, मुलांचा हात पोचणार नाही असं. ताईंनी एकट्याने कळी विरवू नये. माझ्याकडे शिकणारी दोन पोरं आहेत, त्यांनाही हे काम हाताने पाहायला हवं. कळी आली की इथेच लिहा, आम्ही येतो. तिवंध्याच्या आसपास आणखी कुणाला चुना लागणार असेल तर आत्ताच सांगा, हौद मोठा करू आणि एकदाच भिजवू.

जिन्याखाली | गुरुवार, सकाळी ९:५०

आमच्या वाड्यासाठी दोन घमेली धरा. मालकांना पत्र काल रजिस्टरने पाठवलं, जिन्याच्या भिंतीचे दर्जे, म्हणजे सांधे, मी स्वतः भरणार आहे.